पाचव्या ग्लासाची खूण

सुकन्याने लवंगेची डबी उघडून वाल्मिकच्या नाकाखाली धरली.

“सांगा.”

वाल्मिकने डोळे मिटून छातीभर श्वास ओढला. गाडी मिरजगावच्या अलीकडे, कडुलिंबाच्या सावलीत उभी होती. शेजारून उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला, तरी त्याने डोळे उघडले नाहीत.

“वेलदोडा.”

“लवंग आहे.” तिने डबी बंद करून पर्समध्ये टाकली. “अंदाजाने सांगू नका हो. तिथे अंदाज चालायचा नाही.”

“नाकात थोडं चुरचुरलं.”

“चुरचुरतं सगळंच. चुरचुर म्हणजे वास नव्हे.”

हे खरं होतं, म्हणून त्याला राग आला. अकरा महिन्यांपूर्वी त्याला चार दिवस ताप आला. ताप उतरला तो नाकातली वासाची जाण घेऊनच उतरला. एखाद्या मास्तराचं किंवा तलाठ्याचं यात फारसं बिघडलं नसतं. पण वाल्मिक व्हिस्कीचा ब्लेंडर होता. कुठल्या पिंपातली दारू कुठल्या पिंपातल्या दारूत किती मिसळायची, हे नुसत्या वासावर ठरवायचं, हे त्याचं काम. एक थेंबही न गिळता बारा वर्षं त्याने त्यावर घर चालवलं होतं. ताप गेल्यावरही सहा महिने जुन्या आठवणीवर निभावलं. मग एक खराब बॅच त्याच्या हातून पास झाली, आणि कुणी काही विचारायच्या आत त्याने स्वतःच राजीनामा दिला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने नाकाचं सोंग आणून पाहिलं नसावं.

सावेडीतल्या शेजाऱ्यांना त्यांनी सांगितलं होतं की दोन दिवस फिरायला चाललोय, डिस्टिलऱ्या बघायच्या, गावाकडचं खायचं. ते अगदीच खोटं नव्हतं. काल त्यांनी उत्तरेकडच्या एका साखर कारखान्याची डिस्टिलरी पाहिली होती. मळीच्या उग्र वासाने सुकन्याने नाकाला ओढणी लावली, आणि वाल्मिकने मात्र हवा यावी म्हणून गाडीची काच खाली केली. आज आबासाहेबांकडे जायचं होतं आणि खरं काम तिथेच होतं.

आबासाहेबांनी स्वतःच्या रानात, ज्वारीच्या पट्ट्याला लागून, व्हिस्कीची छोटी डिस्टिलरी उभारली होती आणि त्यांना ब्लेंडर हवा होता. पण मुलाखत वगैरे घेणारा हा माणूस नव्हता. ‘जोडीनं या, जेवा, बघा,’ एवढाच निरोप आला होता. पोरगी बघायला जातात तसं ते ब्लेंडर बघणार होते. आणि त्यांच्याकडे ग्लास पाहुण्या जोडप्यातल्या दोघांच्याही पुढे ठेवतात, हे वाल्मिकने आधीच शोधून काढलं होतं. सगळा बेत त्यावरच उभा होता.

“परत एकदा सांगते,” सुकन्या म्हणाली. “बांगडी फिरवली तर फळ. ओढणी सारखी केली तर धूर. कानातलं चाचपलं की लाकूड. घड्याळ बघितलं की गूळ नाहीतर मध.”

“बास. एवढ्यात भागतं.”

“आणि हे शेवटचं. पुन्हा मी असलं करणार नाही.”

त्याने गाडी सुरू केली.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी आणि खर्डा होता. आबासाहेबांच्या पत्नी, भीमाबाई, स्वतः वाढत होत्या. वाल्मिकने पहिला घास घेतला आणि पाहुण्याने म्हणावं ते म्हणून टाकलं.

“काकू, लसणाची फोडणी झकास बसलीय.”

भीमाबाईंचा हात थांबला. “फोडणी कशाची? बुडाला लागलंय आज. पार करपल्यालं हाय. मला तर वाढाया लाज वाटाय लागली.”

आबासाहेबांनी ताटातून मान वर केली.

“यांना तसंच आवडतं,” सुकन्या हसत म्हणाली. “घरी तर बुडाची खरवड मागून घेतात. मी मुद्दाम लागू देते.”

“असतंय एकेकाचं,” भीमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक पळी वाढली. वाल्मिकने ते सगळं संपवलं. त्याला फक्त मीठ आणि तिखट कळत होतं.

दुपारी पिंपांच्या गोदामाबाहेरच्या खोलीत ते बसले. टेबलावर दोघांच्या पुढे पाच-पाच ग्लास मांडलेले होते, प्रत्येकात तळाशी बोटभर सोनेरी द्रव.

“मी घेत नाही, फक्त वास घेईन,” सुकन्या म्हणाली.

“वासच घ्या ताई. प्यायला जग पडलंय,” आबासाहेब म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. “हां, वाल्मिकराव.”

पहिला ग्लास. वाल्मिकने तो कलता करून नाकाशी नेला. चुरचुर, बाकी काही नाही. सुकन्याने आपल्या ग्लासाचा वास घेतला आणि बांगडी फिरवली.

“पिकलेलं फळ आहे,” तो म्हणाला. जुने शब्द तोंडात तयारच होते. “पेरूकडे झुकतंय.”

आबासाहेबांनी मान हलवली. दुसऱ्याला तिने ओढणी सारखी केली. तिसऱ्याला ती जरा थबकली, पुन्हा एकदा वास घेतला, मग कानातलं चाचपलं. चौथ्याला घड्याळ पाहिलं. धूर, लाकूड, गूळ. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तरी प्रत्येक उत्तराबरोबर वाल्मिकला आपण चोरी करतोय असंच वाटत होतं.

पाचवा ग्लास त्याने नाकाशी नेला. चुरचुरही नव्हती. त्याने पुन्हा श्वास घेतला. काहीच नाही. एवढे दिवस एवढी तरी धग उरली होती. आता तीही गेली, असंच त्याला वाटलं. त्याने सुकन्याकडे पाहिलं. तिने ग्लास खाली ठेवला होता. तिचा हात बांगडीकडे गेला, तिथून परत आला, आणि मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिच्या चेहऱ्यावर भीती होती.

“काय वाल्मिकराव?”

मध म्हणावं का? आंबा म्हणावं? काहीही म्हणता आलं असतं. पण त्याच्यातलं त्राणच संपलं होतं.

“मला कसलाच वास येत नाही,” तो म्हणाला.

आबासाहेब खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी टेबलावर थाप मारली.

“पाणी हाय ते! थेंबभर रंग घातल्यालं पाणी. तुमच्या आदी तिघं आले. एकानं मध सांगितला, एकाला तर आंब्याचा मोहोर लागला. येत न्हाई म्हणायला छाती लागती. सोमवारपास्नं या तुमी.”

टेबलाखाली सुकन्याचा पाय वाल्मिकच्या पायावर आला आणि घट्ट दाबून राहिला. गप्प बसा, एवढाच त्याचा अर्थ होता. वाल्मिकलाही गप्पच बसायचं होतं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणी त्याच्याकडे असं कौतुकाने पाहत होतं. पण सोमवारी पिंपांपुढे तो एकटा उभा असणार होता. आणि आज शाबासकी मिळाली होती ती त्याच्या एकुलत्या एका खऱ्या वाक्याला.

“आबासाहेब, आधीच्या चारांचाही आला नाही.”

“म्हंजे?”

“अकरा महिने मला वास येत नाही. डॉक्टर म्हणतात येईल, नाहीतर नाही येणार.”

सुकन्याने पाय काढून घेतला. आबासाहेबांचा चेहरा दगडासारखा झाला.

“मग चारी बरोबर कशी आली?”

आबासाहेबांची नजर सावकाश सुकन्याकडे वळली. तिच्या ओढणीवरून, बांगड्यांवरून, कानांवरून फिरली.

“ताई, माज्या घरचं जेवून तुमी मला फसवलं,” ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

“हो,” सुकन्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण तिने मान खाली घातली नाही. “पण एक सांगायचं राहिलंय. तिसऱ्यात नुसतं लाकूड नाही. ओल्या पोत्याचा वास आहे. आमच्या घरी हुलग्याला बुरशी लागली की तसाच यायचा. ते पिंप खराब झालंय.”

वाल्मिकने तिच्याकडे वळून पाहिलं. “मला नाही सांगितलंस?”

“कसं सांगू? त्याची खूण कुठे ठरवली होती आपण?”

आबासाहेबांनी हात लांब करून तिच्यापुढचा तिसरा ग्लास उचलला. नाकाशी धरला. “पोतंच हाय,” ते पुटपुटले, आणि ग्लास खाली न ठेवता त्यांनी सुकन्याकडे पाहिलं.