तिसऱ्या बांधापासून अकरा पावलं

मालतीची खोली चौथी. तिला अजून भिंती नव्हत्या, नुसतं जोतं होतं. तरी ती रोज ऊन कललं की लेकीला, मैनाला, कडेवर घ्यायची, डोक्यावर पदर ओढायची आणि त्या जोत्यावर उभी राहून घर लावायची. स्टोव्ह इथं, खिडकीखाली. पाळण्याचा हूक तिथं, दारातला वारा थेट अंगावर येणार नाही असा. मागच्या भिंतीला मोरी, आणि मोरीत नळ. नळापाशी आली की ती जरा जास्तच रेंगाळायची. हवेत हात पुढे करून तो सोडायची, बंद करायची.

"काय गो, नल गलतो काय?" खाली टोपली टेकवून बसलेली गोजरा विचारायची. गोजरा सारसोळ्याची कोळीण. गावात मासळी विकून परत जाताना इथं जोत्याच्या सावलीला बसून पाय चोळायची.

"गळू दे की. गळण्यापुरतं पाणी तर येऊ दे."

"आमच्याकडंबी खुंट्या ठोकल्यान. घरं होनार म्हनतात, रस्ता होनार म्हनतात. मानसं येवढी येनार, आनी पिनार काय, खारीचं पानी?"

मालती हसली नाही. हाच प्रश्न तिला रात्रंदिवस कुरतडत होता. ठाण्याची, भूगोल घेऊन बी.ए. झालेली, नवरा चांगदेव ओव्हरसियर. औद्योगिक वसाहतीच्या कामावर त्याची बदली झाली, तेव्हा कारखान्याच्या लोकांसाठी क्वार्टर्स होत होत्या आणि त्यातली एक त्यांची होती. तोवर गावात पुतळाबाईच्या पडवीतली एक खोली. 'तोवर' म्हणजे दोन महिने, असं चांगदेव म्हणाला होता. त्याला आता आठ महिने झाले होते. मैना रांगायला लागली होती.

गावची विहीर मचूळ. पूर्वी तिच्यावर चाळीस उंबरे होते. आता कामावरचे मजूर, ट्रकवाले, गवंडी, त्यांची बायकापोरं असे दोनशे-तीनशे जण तिच्यावर आले होते. जितकं पाणी उपसावं तितकी ती खारट होत होती. फाल्गुनातच डाळ शिजेनाशी झाली. मैनाचं पोट बिघडायचं, सुधारायचं, पुन्हा बिघडायचं. मालती पाणी उकळायची, गाळायची, पुन्हा उकळायची; लेकीचे ओठ सुकलेत का, टाळू खोल गेली का, हे दर तासाला बघायची. क्वार्टर्सना लांबच्या धरणातून नळानं पाणी येणार होतं. गावाला मात्र नाही. गावाचं पुढच्या योजनेत, असं चांगदेव म्हणाला होता.

पुतळाबाई साठीची, काटकुळी, कासोटा घट्ट मारलेली. तिचा नवरा गोटीराम आता कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. ज्या खाचरांवर क्वार्टर्स होत होत्या त्यातली तीन त्यांची. त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. बोलायची ती पाण्याबद्दल.

"हे पानी हाय?" ती हंड्यात बघून म्हणायची. "पेज हाय मिठाची. आमच्या झिऱ्याचं पानी पियाली असतीस तर तुजी पोरगी आतापरत धावली असती."

"कुठला झिरा?"

पुतळाबाईनं इकडंतिकडं बघितलं. देवळातलं काही सांगावं तसा आवाज खाली आणला. "आता काय, सांगितलं तरी चालंल. बुजलाच तो."

खाचराच्या मधोमध गोड्या पाण्याचा झरा होता. तोंड परातीएवढं, कमरेइतकं खोल, आतून दगडांनी बांधलेला. चहूकडं खार आणि मधे तेवढंच गोड. डोंगरातून कुठूनसं येणारं. सगळं गाव दिवाळीनंतर पाऊस पडेपर्यंत तेच प्यायचं. मृग लागला की झिरा झाकायचा. तोंडावर ताडाच्या फळ्या, वर पेंढा, वर चिकणमाती, मग तळहातानं सारवल्यासारखं गुळगुळीत करायचं. उधाणाला बांध फुटून खाडी आत आली तरी खारं पाणी झिऱ्यात जायला नको म्हणून. वरून भाताची रोपंसुद्धा लावायची. कापणी झाली की मार्गशीर्षात उघडायचा.

"मग नकाशात तो कसा नाही?" मालतीनं विचारलं. तो नकाशा तिला पाठ होता. चौथी खोली बघण्यासाठी तिनं तो शंभरदा उलगडला होता.

"ते मोजायला आले तू येयाच्या आदल्या वरसी, भादव्यात. कमरेएवढं भात होतं."

"पण तुम्ही सांगायचं ना! चावडीवर यादी वाचली तेव्हा विचारलं असेल त्यांनी, विहीर आहे का, झाडं किती—"

"इचारलं ना. झाडं दोन सांगितली." पुतळाबाईनं हंडा झाकला. मग म्हणाली, "झाकलेला असताना त्याचं नाव घेत नाय आमी. झोपलेली असते ती माय. हाक मारली तर उठते आनी निघून जाते, असं माजी सासू सांगायची. सगला गाव चावडीवर बसला होता, कोन बोलला नाय. मना वाटलं, एवढी दुर्बीण लावून बघतात, तेन्ना दिसला नसंल काय?"

आणि मार्गशीर्ष लागायच्या आधी भात कापून झाल्या झाल्या ट्रक आले. पाच-पाच फूट मुरूम पडला. बांध गेले, खाचरं गेली. जागा कुठं होती ते दाखवायलासुद्धा काही उरलं नाही. गोटीराम म्हणाला, जाऊ दे, नळ येतोय.

"जीब इसरत नाय गो," पुतळाबाई म्हणाली. "माजी चंद्रा, ती सासरी पनवेलीला. येते तेव्हा पयला हात तांब्याला. एक घोट घेते नि ठेवून देते. बोलत नाय काय. पन मना कलतं."

मालतीला त्या दिवशी कसली हुक्की आली कोण जाणे. भूगोलाची असेल, किंवा आठ महिने खोलीत बसून काढल्याची असेल. तिनं पुतळाबाईला विचारलं, "जागा सांगता येईल?"

"का नाय? चिंचेपासून धर. चिंच हाय अजून. मोठ्या बांधानं खाडीकडं चालायचं, तिसरा बांध लागला की उजव्या हाताला वळायचं. बांधापासून अकरा पावलं."

"कोणाची पावलं?"

"माजी. आजून कोनाची?"

मालतीनं तिला अंगणात चालायला लावलं आणि टेपनं तिची पावलं मोजली. म्हातारी हसत सुटली. "लगनातबी माजं माप कोनी घेतलं नव्हतं!" डोक्यावर घडा घेऊन चालायची सवय, त्यामुळं पाऊल लहान आणि सारखं, दीड फुटाला थोडं जास्त. भरावाचा हिशेब तपासायला चांगदेवनं जुने बांध नव्या निळ्या नकाशावर पेन्सिलीनं उतरवलेले होते. मालतीनं चिंच शोधली, मोठा बांध धरला, तिसऱ्यापाशी वळली आणि अठरा फूट मोजून टोकदार पेन्सिल टेकवली.

पेन्सिल चौथ्या खोलीच्या मागं टेकली होती. तिथं एक चौकोन होता आणि त्यात चांगदेवच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: मैल्याची टाकी.

"घावला काय?" पुतळाबाई दारातून म्हणाली.

मालतीनं नकाशा गुंडाळला. "नकाशात नाही तो," ती म्हणाली.

"नसंलच," पुतळाबाई म्हणाली आणि गाईकडं गेली.

खोटं काहीच बोलली नव्हती मालती. हे तिनं स्वतःला त्या दिवशी किती वेळा सांगितलं! टाकीची खणती सोमवारी सुरू होणार होती. जागा बदलायची म्हणजे नकाशा मुंबईच्या ऑफिसात परत जाणार, सह्या होऊन येईपर्यंत पावसाळा. आणि टाकी झाल्याशिवाय एकही क्वार्टर ताब्यात मिळत नाही. म्हणजे दिवाळी. म्हणजे आणखी एक पावसाळा या पडवीत, या पाण्यावर. काही केलं नाही तर मृगाच्या आधी नळाखाली मैनाला अंघोळ. आणि त्या नळामागं, भिंतीपलीकडं, गावाचं गोड पाणी मैल्यात जाणार. हे ठाऊक असलेली एकटी मालती. अंदाज चुकलाही असेल. म्हातारीच्या पावलांवर कुठं इंजिनिअरिंग चालतं?

शुक्रवार गेला. तिनं ट्रंकेतून निळ्या फुलांचा पडदा काढला, चौथ्या खोलीच्या खिडकीचा, आठ महिन्यांपूर्वीच शिवलेला, आणि त्याची उसवलेली दुमड पुन्हा शिवली. शनिवारी मैनाला सकाळपासून पातळ होत होतं. दुपारी ती रडेनाशी झाली, तेव्हा मालतीनं चांगदेवला बोलावून घेतलं. डॉक्टर तुर्भ्याला, चांगदेव कामावरची जीप मिळते का बघायला गेला. पुतळाबाईनं पोरीच्या कपाळाला हात लावला, घडा उचलला आणि निघून गेली.

जीप आली, डॉक्टर आले, औषध दिलं, साखर-मिठाचं पाणी पाजा म्हणाले, "चांगलं पाणी घ्या, हे नको." चांगलं पाणी कुठून आणायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पुतळाबाई चारच्या सुमाराला आली. डोंगराच्या पायथ्याला एक कुंड होतं. जायला दीड कोस, यायला दीड कोस, वर चैत्राचं ऊन. तिनं घडा उतरवला. ओठ पांढरे पडले होते, टाचा फुटल्या होत्या.

"आधी तुम्ही घ्या घोटभर," मालती म्हणाली.

"पोरीला पुरू दे. मना काय झालंय?" आणि तिनं विहिरीचं मचूळ पाणी तांब्याभर प्यायलं, भिंतीला टेकून.

मालतीनं चमच्यानं मैनाला पाणी पाजलं. तिसऱ्या चमच्याला पोरगी चमचा धरायला लागली. मालतीच्या डोळ्यांना धार लागली. ती पदरानं डोळेही पुसेना.

डॉक्टरांना सोडून चांगदेव आला तेव्हा त्याच्यापुढं चहाऐवजी नकाशा होता.

त्यानं ऐकून घेतलं. पेन्सिलीचा ठिपका बघितला, अंगठ्यानं पुसतोय की काय असं तिला क्षणभर वाटलं. "हे कधी कळलं तुला?"

"गुरुवारी."

"आणि आज सांगतेस?"

"हो."

"का नाही सांगितलंस, ते कळतंय मला," तो म्हणाला. "आज का सांगितलंस?"

तिनं कोपऱ्यातल्या घड्याकडं बोट केलं.

त्यानं पेन्सिल हातात घेतली. "चुकीचं निघालं तर हसतील. बरोबर निघालं तर दिवाळी. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग पडदा ठेवून दे आत."

सोमवारी त्यानं मुकादमाला बाजूला घेतलं आणि चौकोनाच्या एकाच कोपऱ्यात, हातानं, हळू खणायला सांगितलं. मुरूम गेला, मग काळी चिकणमाती लागली. पहारीचा आवाज एकदम पोकळ झाला. कोणीतरी ओरडलं. ताडाची फळी होती, दुसरी होती, कुजलेला पेंढा होता.

गाव जमलं. बायका काठावर उभ्या, पुरुष खाली. फळी उचलायला मुकादमानं हात घातला तशी पुतळाबाई खेकसली, "हात नको लावू रं! आधी उठवायला लागतं." ती खड्ड्यात उतरली, फळीवर तीनदा बोटांनी टकटक केलं. "ऊठ गो माय. उशीर झाला, रागावू नको." मग वर बघून म्हणाली, "गावातलं सगल्यात ल्हान पोर कोन? पयला हात तेचा."

"सखूचा कान्हा," कोणी म्हणालं.

"तो मामाकडं गेलाय."

"मंग ही हाय की, ओव्हरसियरबायची."

"ती गावची कुठं?" एक जण पुटपुटला.

"माज्या पडवीत रांगते," पुतळाबाई म्हणाली, "मंग काय तुज्या बापाची? आन गो तिला."

मालती उतरली. फळी सरली. तळाला ओंजळभर पाणी होतं. बघता बघता ते चढत काठाखाली वितीभर आलं. मैनाचा हात तिनं त्यात बुडवला. पोरगी गारव्यानं शहारली आणि हात तोंडात घातला. मालती तिला थांबवायला गेली, उकळलेलं नाही म्हणायला गेली, आणि थांबली.

पुतळाबाईनं ओंजळ घेतली. पाणी तोंडात धरून ती कितीतरी वेळ डोळे मिटून उभी राहिली.

"तेच हाय?" मालतीनं विचारलं.

पुतळाबाईनं गिळलं. "मुरमाचा वास येतो," ती म्हणाली. पुन्हा ओंजळ भरली. "येवढ्या वजनाखाली पडून व्हती ना. बसंल हलूहलू." तिसरी ओंजळ तिनं थेंब न सांडता संपवली. फक्त म्हणाली, "चंद्राला सांगावा धाडला पायजे."

चांगदेवनं वर उभ्या उभ्या नकाशावर चौकोन खोडला आणि तिथं एक लहान गोल काढला. गोलात काय लिहायचं ते त्याला सुचेना. त्यानं मालतीकडं बघितलं. ती सांगता सांगता अडखळली; मग तिला आठवलं की नाव घ्यायला आता हरकत नाही, झाकलेला नाही तो. तिनं सांगितलं, त्यानं लिहिलं: झिरा.

बायका घडे आणायला पळाल्या. मालती मैनाला घेऊन चढाव चढली आणि सवयीनं चौथ्या जोत्यावर उभी राहिली. स्टोव्ह इथं. पाळणा तिथं. मोरीपाशी आली तसा हात आपोआप पुढं झाला. मागं, खड्ड्यातून, घड्यात पाणी पडल्याचा आवाज येत होता. तिनं हात तसाच धरला. दिवाळीला सात महिने होते.