रेघेखालचे पाणी

त्या सकाळी नाल्याचे पाणी माझ्या अंगावरच्या तांबड्या रेघेच्या दोन बोटे खाली होते, आणि तरीही अब्दुल गफ्फार यांची जीप रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाच्या, मध्यावर बुडू लागली.

मित्रांनो, मी रिद्धपूरच्या जुन्या वाटेवरचा एक मैलाचा दगड आहे. काळ्या खडकातून टाकीने घडवलेला. कापसाच्या बैलबंड्या हाकणारे आणि पायी जाणारे यात्रेकरू माझ्यावरचा आकडा वाचून उरलेली वाट मोजत. पुढे हमरस्ता दुसरीकडून गेला, आकडा झिजला, मला विचारणारे कोणी उरले नाही. मग रस्ता राखणाऱ्या शेषराव मैलकुलीने टेपने मोजून माझ्यावर रेघ ओढली. रपट्यापासून बरोबर एक फूट उंचीवर. रेघ बुडाली की थांबायचे.

तीन वर्षांपूर्वी ती बुडालेली पाहून गावातल्या नत्थुजींनी बंडी मागे फिरवली आणि अर्ध्या तासात मोठा पूर आला. तेव्हापासून मला शेंदूर लागतो, पोळ्याला नारळ फुटतो. माझ्यात काही शक्ती असल्याचा पुरावा मला स्वतःला सापडलेला नाही. रेघेत मात्र एक मोजमाप होते.

यंदा भाद्रपदात पावसाची झड लागली. हमरस्त्यावर झाड पडले होते. नत्थुजींची मूत्रपिंडे निकामी झालेली; डायलिसिससाठी अमरावती गाठणे भाग होते. आदली पाळी पावसाने चुकली होती. पाय सुजले होते, दम कोंडत होता. म्हणून शेजारी गफ्फार यांनी जीप या वाटेला घातली. मागे नवऱ्याला धरून वच्छलाबाई बसल्या होत्या.

"गफ्फारभाऊ, पाणी लय दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या.

"रेघ उघडी हाय ना वहिनी. मंग?"

"जाऊ दे व," नत्थुजी धापा टाकत म्हणाले. "गफ्फारवर भरवसा नसन तं धोंड्यावर ठेव."

"पाहा, दम नाई पुरत, पन टोमना पुरते," म्हणत गफ्फार यांनी गिअर टाकला.

मला वाचा असती तरी मी काय सांगणार होतो? माझ्याही मते रेघ उघडीच होती.

इंजिन बंद पडले. दारांतून पाणी आत शिरले. मागचे चाक सरकत सरकत रपट्याच्या कडेच्या खुंटाला टेकले, आणि तो खुंट हलत होता. वीस मिनिटे मी दुसरे काही पाहिले नाही. मग जवळच्या संत्र्याच्या बागेतून श्याम ट्रॅक्टर घेऊन आला, दोर बांधला आणि जीप मागे ओढली. हमरस्त्यावरचे झाड हटल्यावर तिकडून जाऊन नत्थुजी तीन तास उशिरा यंत्राला जोडले गेले. वाचले.

पूर ओसरल्यावर गफ्फार यांची मुलगी शाहीन टेप घेऊन आली. ती अभियांत्रिकी शिकते. रपट्यापासून रेघ आता एक फूट दहा इंचांवर भरली.

"नत्थूकाका, धोंड्याखालचा हा ओटा कोनं बांधला?"

"मीच बांधला ना, उन्हाळ्यात. ज्यानं जीव वाचवला त्याले चिखलात उभा ठेवाव काय?"

 शाहीनने टेपचे एक टोक त्यांच्या हाती दिले. नत्थुजींनी ओटा मोजला, पुन्हा मोजला, आणि खाली बसले.

मित्रांनो, जुन्या वस्तूचा मान जरूर राखा. पण आधी तिचे काम काय, ते पाहा. ओटा दहा इंच उंच होता. त्यावर मला बसवले, तेव्हा माझ्याबरोबर रेघही दहा इंच वर गेली.