सयाजीचं व्हय

म्हशीच्या कासंला पाणी मारून बयाबाई धारंला बसणार, एवढ्यात दारात टेम्पो थांबला. तिचा लेक पृथ्वीराज उतरला, मागोमाग जनावरांचा व्यापारी. लेक शिरोलीत फौंड्रीत कामाला. आईची ओढाताण बघवंना म्हणून म्हैस विकायचं त्यानं मनावर घेतलेलं. बयाबाईनं त्याला रुकारही दिला नव्हता आणि नकारही. अलीकडं तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

सयाजी, तिचा नवरा, सोप्यात खाटंवर बसला होता. धडधाकट असताना यानं बांधावरनं हाक मारली की वढ्यापल्याडचा माणूस मान वर करायचा. उसाचा पाला काढता काढता तो सरीतच आडवा झाला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेंदूतली बोलायची जागा दुखावलीय. त्यांना कळतंय पुष्कळ, पण शब्द सापडत नाहीत. वेडं समजू नका."

तोंडात एकच शब्द उरला होता, "व्हय." भावकी बघायला यायची, बहिऱ्याशी बोलावं तशी वरडायची, "बरं हाय न्हवं?"

"व्हय."

मग समाधानानं च्या पिऊन जायची.

पृथ्वीराज बापाजवळ वाकला. "आबा, म्हस इकूया न्हवं?"

"व्हय."

"बघा पावणं, मालकाचाबी रुकार हाय."

व्यापाऱ्यानं दावं सोडलं. तसा सयाजी डाव्या हातानं खाट बडवाय लागला. "व्हय! व्हय! व्हय!"

"म्हाताऱ्याला लई घाई झालीया की," व्यापारी हसला.

बयाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. तोंड व्हय म्हणत होतं, पण मानंच्या शिरा तटतटल्या होत्या आणि डोळं दाव्यावरनं हलत नव्हतं. ती उठली. व्यापाऱ्याच्या हातातनं दावं घेतलं, म्हैस सोप्याच्या कडंला आणली आणि दाव्याचं टोक सयाजीच्या मांडीवर ठेवलं.

"अवं, द्यायची आसंल तर सोडा. ठेवायची आसंल तर धरा."

सयाजीनं दावं धरलं. मनगटाला एक वेढा दिला, मग दुसरा.

"व्हय," तो हळू म्हणाला.

"न्ह्या तुमचा टेम्पो," बयाबाई व्यापाऱ्याला म्हणाली.

टेम्पो गेला. पृथ्वीराज उंबऱ्यावर बसला. "आयं, मग धारा, वैरण कोण बघणार?"

"मी हाय की."

"आन् आबा इतकं दिस व्हय म्हणत हुतं, त्ये?"

बयाबाई सयाजीच्या तोंडाकडं बघत होती. मागल्या आठवड्यात न्हावी आला होता. जेवताना मिशीत आमटी अडकतीया, काढू का, म्हणून त्यानं इचारलं होतं. सयाजी व्हय म्हणाला. जवानीपास्नं राखलेली मिशी वस्तऱ्याखाली गेली. त्या वक्ताला त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, ते तिनंच पदरानं टिपलं होतं. साबण गेला आसंल, म्हणाली होती.

आताही तिला रडू आलं नाही.

"न्हावी आला तर दारातनंच परत लावून दे," ती लेकाला म्हणाली, आणि बादली उचलून धारंला बसली.