गरम पाण्यातली पिल्लं

बंगळुरूबाहेर, यशवंतपूरच्या पुढे, तुमकूर रस्त्याला बिंदुमाधवची मत्स्यबीजाची हॅचरी होती; माशांची अंडी उबवून तो पिल्लं विकायचा. त्याची धाकटी बहीण नीरजा मत्स्यशास्त्र शिकून तिथेच कामाला लागली होती. अंडी आणि पाणी ती सांभाळायची, गिऱ्हाइकं तो.

१९९४ च्या जानेवारीत थंडी लांबली. गार पाण्यात अंडी फुटायचं नाव घेईनात. जवळच्या गावातल्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष रघुपती सारखा निरोप धाडत होता. तळं भरलेलं होतं, त्याला बीज लवकर हवं होतं.

"परदेशात सॅमन माशांची अंडी उबदार पाण्यात ठेवतात म्हणे. पिल्लं लवकर निघतात," बिंदुमाधव म्हणाला. कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं होतं.

"ऊब जास्त झाली की तिथंही वाकडी निघतात, अण्णा. अंड्यात डोळेसुद्धा दिसत नसतात, तेव्हा कणा घडत असतो. तेव्हा बिघडलं की पुढे काही करता येत नाही."

"सरी, सरी, ठीक आहे. नको तर नको."

पण नीरजा मावशीच्या तेराव्याला चार दिवस बनशंकरीला गेली, आणि मागे त्यानं टाक्यांत हीटर सोडले. ती परतली तेव्हा टाक्या पिल्लांनी भरल्या होत्या. तिनं पाण्यात हात घातला. ते हाताला चांगलंच कोमट लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पिल्लू ती पाहत गेली. कुणाची शेपटी वर वळलेली, कुणाचा जबडा अर्धाच.

"स्वल्प वाकडी असतील," तो म्हणाला. "ती मरतील आपोआप."

तशी ती मेलीही. रोज सकाळी नीरजा ती जाळीनं गोळा करून बादलीत टाकायची. उरलेली नखाएवढी झाली, सरळ पोहू लागली.

"यांचंही बिघडलेलं असणार. वाढताना दिसेल. देऊ नकोस," ती म्हणाली.

"एवढी सगळी मारून टाकू? आणि रघुपतीला काय सांगू?"

रघुपती टेम्पो घेऊन आला तेव्हा तिनंच त्याला कन्नडमध्ये सगळं सांगितलं. त्यानं पिशवी उजेडात धरली.

"पोहतायत की, अक्का," तो हसला. "तुमच्या अप्पांच्या काळापासून आम्ही इथूनच नेतो."

बिंदुमाधव तिच्याकडे न बघता पिशव्या चढवत राहिला.

पावसाळा सरता सरता ती स्वतःच त्या गावाला गेली. तळ्यावर जाळं ओढत होते. वर आलेले मासे कुबडे होते. कित्येकांच्या कल्ल्यांवरचं झाकण अपुरं, आतलं लाल मांस उघडं. काठावर मेलेल्यांचा खच होता आणि घारी उतरल्या होत्या.

"तळ्याला विष लागलं, अक्का," रघुपती म्हणाला. "मुनियम्मा इथं गावाचे कपडे धुवायची. तिच्या ब्लीचिंग पावडरनं झालं. पंचायतीनं तिला हाकललं."

"कुठे?"

"बंगळुरूला गेली म्हणे. घराचे पत्रे पोरांनी आधीच काढले होते."

नीरजा जाळ्याजवळ गेली. मग जाळं ओढणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "पाण्यात विष नाही. हे मासे अंड्यातच बिघडले. आमच्या हॅचरीत पाणी जास्त तापवलं होतं. मुनियम्माचा काही संबंध नाही."

 रघुपतीनं जाळ्यातला एक कुबडा मासा उचलून पाहिला.

"तुम्ही सांगितलं होतंत," तो पुटपुटला. "मी ऐकलं नाही."

एका म्हाताऱ्यानं मात्र मान हलवली. "ब्लीचिंगनंही होत असेल," तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी घाईघाईनं त्याला दुजोरा दिला. बाईचं घर मोडून झालं होतं. आता त्यांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

घरी आल्यावर नीरजानं भावाला सगळं सांगितलं.

"मी कुठे म्हटलं तिला हाकला म्हणून?" तो म्हणाला. जेवणाचं ताट मात्र त्यानं बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवसापासून ती हॅचरीत गेली नाही. शहरातल्या धोबीघाटांवर जाऊन ती मुनियम्माचा पत्ता विचारत राहिली. मुनियम्मा नावाच्या पुष्कळ बायका भेटल्या. त्या गावाहून आलेली एकही नव्हती. पुढल्या हिवाळ्यात सोसायटीनं तळं माती उपसायला एका ठेकेदाराला दिलं, आणि तळ्यातलं पाणी सोडून देण्यात आलं.