कावेरीचा डावा हात

पुरातत्त्व म्हणजे मढी उकरायची विद्या, असं मी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचो. लेक प्रणिता तेच शिकायला निघाली तवा लई भांडलो. ती म्हणाली, "आप्पा, नुसतं उकरणं न्हाई. मातीत काय सापडलं, काय न्हाई सापडलं, त्यावरनं गेलेलं माणूस समजून घेणं."

"जितं माणूस समजंना, मेलेलं काय समजतंय बाई!" मी म्हणलं.

औंदा धारूरचा रस्ता रुंद व्हायचा ठरला आन् आमची दफनभूमी त्यात गेली. ज्यानं त्यानं आपली मयत हलवावी, म्हणले. माझी बायको कावेरी तिथंच हाय, बारा वर्षं झाली. मशीननं समाध्यांचे दगड आधीच ढकलून दिलते. बाकीच्यांनी आपापली नेली, शेवटी दोन जागा राहिल्या. त्यातली तिची कोणती, ते मलाबी सांगता येईना.

आमच्यात मयत बसवून पुरतात, जन्मभर गळ्यात बांधलेलं तिचं इष्टलिंग डाव्या तळहातावर देऊन. प्रणिता कुंचल्यानं माती झाडत बसली. पहिल्या जागी हाताच्या हाडांत काहीच नव्हतं. दुसऱ्या जागी लिंग निघालं.

"हीच आई," म्हणून पोरगी त्या हाडांपुढं हमसून रडली. मग पहिला खड्डा बुजवायला सांगितलं.

गप बसलो असतो तर झाकली मूठ राहिली असती. पण कावेरीवरनं गाड्या गेल्या असत्या.

"थांब बे!" मी मशीनवाल्यावर वरडलो आन् गळ्यातलं वस्त्र सोडलं. आत दोन लिंगं होती, एक माझं, एक तिचं.

"पुरताना मीच काढून घेतलं, पोरी. स्वामी मंत्र म्हणत होते, कुणी बघितलं न्हाई. ती सगळीच मातीला द्यायची, मला जमलंच न्हाई."

प्रणितानं डोळे पुसले. "बारा वर्षं आईचा हात रिकामा ठेवला, आप्पा?" एवढंच म्हणाली आन् बाजूला सरकली.

मी खड्ड्यात उतरलो. लिंग तिच्या हातावर ठेवलं, ते घसरलं. माती झाडल्यानं बोटं सुटी झालती. तीनदा ठेवलं, तीनदा पडलं.

हाडांना उघडा हात लावायचा न्हाई, असं प्रणितानं सकाळीच बजावलं होतं. मी कावेरीच्या हाताखाली माझा तळहात धरला, तवा लिंग ठरलं. पोरगीनं कुंचला खाली ठेवला.