पाळण्यात अडकलेली मुकादमीण

रंगाच्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या मुकादमीणबाईंचा एक नेम होता. काम सोपवण्याआधी छतावरून स्वतःचं बोट फिरवायचं. शाळेच्या व्यायामशाळेत त्यासाठी लोखंडी तुळईवरून चाकांवर सरकणारा पाळणा टांगला होता, आणि त्यात बसायचा मान फक्त बाईंचा. सुनेनं दोन वर्षं तो मागितला. दर वेळी तिला ऐकावं लागलं, की पुस्तकं वाचून कुणी छताला पोचत नाही.

त्या दिवशी छत बोटाला गुळगुळीत लागलं. बाई खूश झाल्या, आणि खुशीत हातातली आकड्याची काठी निसटली. ही काठी छताच्या पट्ट्यांत अडकवून, स्वतःला ओढत त्या मागेपुढे जायच्या. खाली पडून काठीचे दोन तुकडे झाले आणि पाळणा मधोमध उभा राहिला. पट्ट्यांच्या फटीत बोटं शिरत नव्हती, आणि गुळगुळीत छतावर, तेलकट तुळईवर हात नुसते घसरत होते. चढायचा सज्जा दहा हात लांब, जमीन त्याहून लांब. शिडी आणि दोर काम संपलं म्हणून बाईंनीच तासाभरापूर्वी टेम्पोत घालून पाठवून दिले होते. चार वाजता मुख्याध्यापिका यायच्या होत्या, शाळेच्या उरलेल्या तिन्ही इमारतींचं काम कुणाला द्यायचं ते ठरवायला. छताला लटकलेल्या मुकादमिणीला कोण काम देणार? आणि पावणेचार तर वाजून गेले होते.

खाली धाकटे दीर उभे होते. अक्कल मागितली नसली तरी द्यायची, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी सुचवलं की वहिनींनी पाळण्याची पुढची दांडी जीव खाऊन ढकलावी. बाईंनी ढकलली. चेहरा लाल झाला, बांगडी पिचली, पाळणा केसभर हलला नाही. मग दीर म्हणाले, मागची ढकलून बघा.

सज्ज्यावर सून कठड्याला टेकून शांतपणे बघत होती. आपण बसलेला पाट आपणच उचलण्यातला हा प्रकार आहे, असं तिनं सांगितलं. ढकलायचं तर पाळण्याबाहेरचं काहीतरी हवं.

"बाहेर हवा आहे," बाई म्हणाल्या. "तिला ढकलू?"

"हवेनं नाही भागायचं, आई. युक्ती आहे माझ्याकडे. पण उद्यापासून पाळण्यात मी बसणार."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. ही पोरगी आपल्याच घरात शिकून तयार झाली, हे त्यांना तेव्हा नको इतकं पटलं. जिभेवर आलेलं सगळं गिळून त्यांनी मान हलवली.

"मान नको. तोंडानं म्हणा. काकांना ऐकू जाऊ दे."

"बसशील. आता बोल."

पाळणा डुलू नये म्हणून तळाशी पुट्टीच्या पाच-पाच किलोच्या चार पिशव्या ठेवलेल्या असत. सून म्हणाली, एक उचला आणि सज्ज्याकडे पाठ करून लांब भिरकावा. जितक्या जोरानं पिशवी तिकडे जाईल, तितकाच रेटा तुम्हाला इकडे बसेल. तुम्ही पिशवीपेक्षा कितीतरी जड, म्हणून सरकाल हळू, पण सरकाल नक्की.

बाईंना हे पटेना. जन्मभर त्यांनी माणसांवर चपला भिरकावल्या होत्या आणि एकदाही मागे सरकल्या नव्हत्या. तेव्हा पायाखाली जमीन असायची, सून म्हणाली, ती तुम्हाला धरून ठेवायची. इथे वर चाकं आहेत, आणि त्यांना तेल तुम्हीच घातलंय.

पहिली पिशवी व्यायामाच्या गादीवर जाऊन फुटली. शेजारी उभे असलेले दीर भुवयांसकट पांढरे झाले. पाळणा मात्र खरंच निघाला, मुंगीच्या चालीनं, सज्ज्याकडे. आता तो मंदावेपर्यंत थांबा, सुनेनं बजावलं. पण बाईंना कुणी थांबवलेलं खपत नसे. दुसरी गेली. तिच्यामागोमाग तिसरी, आणि तीही खांद्यातून. दर पिशवीगणिक ओझं कमी, वेग जास्त. पाळणा तुळईवरून खडखडत असा सुटला, की वळून पाहताच सज्ज्याचा लोखंडी कठडा बाईंना मोठा मोठा दिसू लागला. नव्वद किलोची सासू त्यावर आदळली असती तर रंग पुन्हा काढावा लागला असता, आणि नुसता रंगच नाही.

"चौथी पुढे फेका," सून ओरडली. "माझ्याकडे. सगळा जोर लावून."

बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सुनेच्या अंगावर काहीतरी भिरकावायची इच्छा त्यांना दोन वर्षांपासून होती, आणि आज तिनं स्वतःच्या तोंडानं मागितलं होतं. त्यांनी नेम धरला. पिशवी सुनेच्या पोटावर फुटली, ती मागच्या मागे बसली, आणि पाळण्याचा वेग असा उतरला की तो कठड्याला फक्त टेकला.

बाई उतरल्या. पदर सारखा केला. अंगावर एक कण नव्हता.

दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांनी आधी छत बघितलं. मग खालचा पांढरा माणूस, मग वरची पांढरी बाई.

"छत सुंदर झालंय," त्या सावकाश म्हणाल्या. "पण हे काय?"

"माझी सून," बाई म्हणाल्या. "पुढच्या इमारतींचं वरचं काम ती बघणार आहे. आज शिकत होती."

सून पापण्या झटकत उठली आणि नमस्कार केला. मुख्याध्यापिकांनी तिला एकच विचारलं, तिन्ही इमारती सुट्टी संपायच्या आत होतील का. सुनेनं सासूकडे पाहिलं. सासूनं, काय वाटलं कोण जाणे, आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला उत्तर देऊ दिलं.