आधी बाहुली

बाहुलीचं नाव काढलं तरी माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते. बाहुली म्हणजे माझी मावसबहीण. माझ्याहून जेमतेम लहान, पण मला 'ताई' म्हणताना असं काही गोड हसते की चिमटा काढल्यासारखं वाटतं. दोघी एकाच शाळेत, एकाच वर्गात, आणि आता एकाच डेंटल कॉलेजात पहिल्या वर्षाला. आई आणि मावशीने आम्ही पाळण्यात असतानाच बहुतेक दवाखान्याची पाटी ठरवून टाकली होती.

पहिल्या वर्षी आम्हाला मेणाचे दात कोरायला लावतात. साबणाच्या वडीएवढा मेणाचा ठोकळा, बारीक सुरी, आणि समोर नमुन्याला दात. बघायचं आणि हुबेहूब कोरायचं. बाहुलीचे दात सर काचेच्या कपाटात मांडून ठेवायचे. माझी दाढ मात्र त्यांनी बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, "ही दाढ आहे का डोंगर?" सगळा वर्ग खो खो हसला. बाहुलीचं हसू सगळ्यात शेवटी थांबलं. मी बरोबर बघत होते.

पण सरांचं काही चुकलं नव्हतं. दाढ कोरताना मला खरंच डोंगर दिसायचे. शाळेपासून मला नकाशांचं वेड. कागदावरच्या रेषा बघून चढ कुठे, उतार कुठे, पाणी कुठून वाहणार हे ओळखायचं, याच्याइतकी मजा मला कशातच वाटलेली नाही. शेवटी एकदा धीर करून मी विद्यापीठाच्या भूगोल विभागात गेले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, जागा आहे, पण कोर्स बदलायचा तर महिनाअखेरच्या आत ये. मी तरंगतच बाहेर पडले. मग घरी सांगायचं भाषण पाठ केलं. आरशासमोर, बसमध्ये, आंघोळीला गेल्यावर. रविवारी मावशीकडे आम्ही सगळे जेवायला जमणार होतो. चारचौघांत आई फार ओरडणार नाही, म्हणून तिथेच बोलायचं ठरवलं.

रविवारी जेवण होत आलं. मी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला. आणि बाहुलीने ताट पुढे सरकवून सांगितलं, "मी कॉलेज सोडतेय."

मावशी रडायला लागली. आईने कपाळावर हात मारला. काका, म्हणजे बाहुलीचे वडील, उठून गॅलरीत गेले. मला वाटलं, आता हिची काही खैर नाही. कसलं काय! चहा येईपर्यंत सगळं वारं फिरलं. काका आत येऊन म्हणाले, "असं तोंडावर सांगायला हिंमत लागते हो." पुढे काय करणार, विचारलं तर बाईसाहेब म्हणाल्या, "अजून ठरलं नाही." त्याचंही कौतुक! निदान थापा तरी मारत नाही, म्हणे. मग मावशीने डोळे पुसले आणि मोर्चा माझ्याकडे वळवला. "आता सगळी भिस्त तुझ्यावर गं बाई. दोघींतली एक तरी डॉक्टर व्हायलाच हवी."

"आमची नाही असलं काही करायची," आई म्हणाली. "आमची चिकट आहे."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझा रविवार, माझं वाक्य, माझी हिंमत, सगळं या पोरीने माझ्या तोंडातून काढून घेतलं होतं आणि वर शाबासकी मिळवली होती.

कॉलेजात आता तिची खुर्ची रिकामी. मला आनंद व्हायला हवा होता. पण तिचे दात कपाटात तसेच, आणि सर उसासे टाकून म्हणणार, "गुणी मुलगी होती हो." पळून गेली तरी हीच पहिली! आणि आता मी सोडलं तर? बाहुलीचं बघून सोडलं, असं जन्मभर ऐकावं लागणार. तेवढं मला सोसणार नव्हतं. तेवढ्यासाठी मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकवायला तयार झाले होते. शप्पत.

मुदत संपायला एकच दिवस उरला तेव्हा मी तिच्याकडे गेले. भांडायलाच गेले. बाहुली पलंगावर बसून पायाच्या नखांना रंग लावत होती. काय चेहरा खुलला होता मेलीचा!

"माझा नंबर होता," मी दारातूनच म्हणाले. "मी सोडणार होते. तुझ्या आधी!"

"माहितेय," ती म्हणाली.

"माहितेय म्हणजे?"

"भूगोल विभागातून बाहेर पडताना पाहिलं तुला. एकटीच हसत होतीस." तिने ब्रश बाटलीत खुपसला. "ताई, तू आधी सुटली असतीस तर मला कुणी सोडू दिलं असतं का? मला पहिल्या दिवसापासून दात बघून मळमळतं. पण कपाटात माझे दात होते ना! एक तरी डॉक्टर हवीच म्हणून मलाच धरून बसवलं असतं. म्हणून मी आधी बोलून घेतलं."

"आणि माझं काय?"

"तुला कुठे जायचंय ते तरी ठाऊक होतं. मला त्याचाच राग आला होता."

तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. आणि खोटं कशाला बोलू, गुदगुल्याही झाल्या. बाहुली माझ्यावर जळत होती! त्या खुशीत मी अर्धा रस्ता चालले. मग लक्षात आलं, त्याने काहीच बदललं नव्हतं. मी अजून अडकलेलीच होते आणि ती नखं रंगवत होती.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. पाठ केलेलं भाषण काही आठवेना. "आई, मला डेंटल सोडायचंय. भूगोलाला जायचंय. प्रवेशाची मुदत उद्या संपतेय."

"भूगोल शिकून काय करणार? लोकांना पत्ते सांगणार?" आई म्हणाली. मग माझ्याकडे रोखून बघत तिने तेच विचारलं, ज्याला मी घाबरत होते. "हे बाहुलीचं बघून सुचलं ना? खरं सांग."

सगळं जिभेवर आलं होतं. मॅडम, भाषण, कुणी कुणाचं चोरलं ते. पण आईचा चेहरा बघितला. इतके दिवस मी तिच्यापासून लपवलं हे कळलं असतं, तर ती उद्यापर्यंत काय, वर्षभर माझ्याशी बोलली नसती. बाहुलीवर खापर फुटलं तर मात्र मला माफ करणं तिला सोपं होतं.

"हो," मी म्हणाले. "तिचंच बघून."

आईने हातातला टॉवेल पलंगावर आपटला आणि मावशीला फोन लावला. "तुझ्या लेकीने माझ्या साध्या पोरीला बिघडवलं!" दोघी बहिणी मनसोक्त भांडल्या. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि दातओठ खात होते. फोन ठेवला तेव्हा आई दमली होती, राग बराच उतरला होता.

"उद्या मी येते बरोबर," ती म्हणाली. "एकटी गेलीस तर तिथेही कुणाचं तरी बघून भलतंच काही घेऊन बसशील."

"हो आई," मी म्हणाले, आणि तिच्यासमोर बसून घड्या घालायला लागले.